चेटकिणीची भट्टी म्हणून गव्हाची कोठी

बायांनो, आज दुपारी काय झालं ते ऐका.

आमच्या संगमनेरच्या चर्चमधी पोरांनी ऑपेरा केला, म्हंजे सगळं गाऊन बोलायचं नाटक. जंगलात चुकलेली भावंडं चेटकिणीला तिच्याच भट्टीत ढकलतात, ती परदेशी गोष्ट. चेटकीण झालती माझी नात, एस्तेर.

भट्टी म्हणून गव्हाची पत्र्याची कोठी आडवी ठेवली हुती. पोरांनी एस्तेरला आत ढकललं, बाहेरून कडी लावली आन् नाचत गायला लागली. आतून पत्रा वाजत हुता.

"काय झ्याक करतीय पोरगी!" शेजारीण म्हणली.

"कोठी कुणाची गं?" मी इचारलं.

"आमचीच की. सकाळीच रिकामी केली."

"गव्हात किड्याच्या गोळ्या टाकल्या हुत्या का?"

तिचं तोंडच उतरलं. त्या गोळ्यांची वाफ रिकाम्या कोठीतबी ऱ्हाते, आन् तिनं माणूस मरतो.

मी स्टेजवर चढले, कडी काढली. पोरगी खोकत बाहेर आली आन् ओकली. आता दवाखान्यात हाय. डॉक्टर म्हणतात, उद्यापर्यंत काय सांगता येत न्हाई.

दरसाल लोकांना हीच गोष्ट लागते. चेटकीण भट्टीत गेली की सगळ्यांना बरं वाटतं. पत्रा वाजत हुता तवा मीबी टाळ्याच वाजवत हुते. खरं सांगा, तुमी तरी टाळ्या थांबवल्या असत्या का?