रसावर राहिलेली बाई

मेहकरहून संभाजीनगरला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. पन्नाशीची बाई, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, मनगटं काडीसारखी. ती उकडलेलं अंडं रागारागानं सोलत होती. टरफलासोबत पांढरा भागही निघून येत होता.

पुढच्या सीटवरून तिचा दीर वळून म्हणाला, "वैनी, अंडं नोका खाऊ. त्या वैद्यानं मोबाईलवर सांगतलं ना, निस्ता रस घ्या, कॅन्सरची गाठ उपाशी मरते."

तिचा हात थांबला. मग सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "दोन महिने तुमचंच ऐकलं, भाऊजी. अंगावरचं मांस गेलं. मागच्या खेपेले डॉक्टरनं किमोची सलाईन लावलीच नाही. म्हणे, अंगात मांस नसलं की औषध विषावानी चढते. आधी जेवा, थोडं चाला, ताकद आली की या. मीच उपाशी राह्यली, गाठ नाही राह्यली!"

दीर पुढं तोंड करून बसला. मला मात्र त्याच्यापेक्षा त्या मोबाईलमधल्या माणसाचा संताप आला. कुठेतरी आरामात बसून त्यानं हिच्या ताटातला घास काढून घेतला होता, आणि हिचं तोंडही त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

स्टँड आल्यावर दिरानं तिची पिशवी उचलली आणि हळूच विचारलं, "आज तरी लावतील ना सलाईन?"

"ते दवाखान्यातल्या वजनकाट्याले इचारा," ती म्हणाली, "मले नोका इचारू." आणि दांडी धरून एकटीच उतरली.