नकलेवरची तारीख

स्टॅम्प पॅडच्या जांभळ्या शाईचा वास आला, की मला कोर्टातली नकलांची खिडकी आठवते. बाबा टेम्पो चालवायचे. कात्रजच्या उतारावरच्या अपघातात त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि अपील करण्यापुरता एक महिना जामीन मिळाला. निकालाची नक्कल आणायचं काम माझ्याकडे होतं. मी नुकताच कोथरूडला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो होतो, अमेरिकेचं काम मुदतीत द्यायचं होतं. नक्कल हातात पडली की तिथून अपिलाचा महिना मोजायचा, अशी माझी समजूत. म्हणून मी निवांत. अमेरिकेचं काम दोन दिवस आधीच दिलं आणि मग कोर्टात गेलो. कारकुनानं नक्कल उलटी करून मागचा शिक्का दाखवला. "तयार होऊन पाच आठवडे झाले. दिवस तेव्हापासून मोजतात, तुम्हाला सवड झाल्यापासून नाही." त्याच आठवड्यात पोलीस बाबांना घेऊन गेले. वकिलांनी उशीर माफ व्हावा म्हणून अर्ज लिहिला: अपील करणारे आजारी होते. तुरुंगात सही करताना बाबा म्हणाले, "मी ठणठणीत आहे, वकीलसाहेब. मुलाला वेळ नव्हता, असं लिहा." मी शेजारीच उभा होतो. कोर्टानं उशीर माफ केला, पुढे अपिलात बाबा सुटलेही. पण नंतर गॅसचा नंबर लावायलासुद्धा ते स्वतःच जायचे. मी जातो म्हटलं, की म्हणायचे, "असू द्या, तुम्हाला वेळ नसतो." बापानं केलेलं ते अहो-जाहो मला अजून पचलेलं नाही.