खिशातला कांदा

"सायकलवर जेजुरीला येतो का? भुलेश्वरच्या डोंगरातनं जाऊ, रात्री देवळात मुक्काम करू," असं त्यानं विचारलं त्याच क्षणी माझ्या मनात आलं, ह्याला कळलंय.

नाहीतर डोंगरातून कशाला? कुरकुंभहून जेजुरीला जायला चौफुला, सुपे, मोरगाव असा सरळ रस्ता होता, एसटी होती. आणि सोबतीला मीच का? मी काही गप्पा मारणारा माणूस नव्हे. कंपनीत माझ्याबद्दल म्हणायचे, ह्याच्या तोंडातनं शब्द काढायला पाना लागतो.

आम्ही दोघं कुरकुंभला एका केमिकल कंपनीत एकाच शिफ्टला होतो. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी दौंडचा. तो शिरूर तालुक्यातला, न्हावऱ्याजवळच्या एका वस्तीवरचा, कुरकुंभला खोली करून राहायचा. त्याच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. बापानं विहीर पाडली, ऊस लावला आणि घर एका जागी बसलं. त्याच्या अंगात मात्र चाल राहिली होती. सुट्टी लागली की चाळीसेक किलोमीटर सायकल मारत घरी जायचा आणि विहिरीत उडी टाकूनच मग आईला तोंड दाखवायचा.

त्याचं लग्न जमत आलं होतं. मुलगी कोरेगाव भीमाजवळच्या एका वाडीतली. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं आणि तो तिच्याबद्दल बोलताना उगाच सायकलची घंटी वाजवायचा. आमच्याकडे पसंती झाली तरी सुपारी फुटायच्या आधी मुलीकडचं कुणीतरी मुलाच्या कामावर येऊन गुपचूप चौकशी करून जातं. तिचा मामा तसाच आला. गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर त्यानं नेमकं मलाच गाठलं.

"पोरगं कसं हाय?"

"चांगलं हाय."

"पितंबितं?"

"न्हाई, मामा. सुपारीचं खांडसुदिक न्हाई."

"आजारबिजार?"

इथं मी थांबलो. थांबलो ते थांबलोच. मामानं बशीतला चहा तसाच धरून ठेवला.

"म्हंजी हाय काय तरी."

"तसं न्हाई. एकदा प्लँटमधी पडला होता."

"पडला म्हंजी? फिट?"

"आता मी काय डॉक्टर हाय का, मामा?"

एवढंच बोललो. पंधरवड्यात तिकडून निरोप आला, मुलाला फिट येते असं कानावर आलंय, बोलणी राहू द्या. आणि त्यानंतर काही दिवसांनी ह्यानं जेजुरीचं काढलं.

दिवाळी होऊन गेली होती. पहिली शिफ्ट सुटल्यावर आम्ही निघालो. दोघांच्या काळ्या बावीस इंची सायकली. कॅरिअरवर घोंगडी, भाकरी, पंक्चरचं सामान, सगळं जुन्या ट्यूबच्या पट्टीनं आवळलेलं. बांधताना त्याच्या पिशवीतून एक कागदाची पुडी खाली पडली. मी उचलली तर बोटं पिवळी झाली. भंडारा.

जेजुरीला जाताना कुणी घरून भंडारा नेतं का? तिथं तर पायरीपायरीला विकत मिळतो. आमच्याकडे भंडारा हातात घेऊन माणूस खोटं बोलत नाही. भांडणात, वाटणीत, चोरीच्या आळात शेवटी तेच करतात. ह्याला उचलायला लावा भंडारा, म्हणतात.

"ही कशाला?" मी विचारलं.

"आईनं दिलीय. देव्हाऱ्यातला हाय," एवढंच बोलून त्यानं पुडी परत आत सारली.

हायवेला उसाच्या ट्रॉल्या लागल्या होत्या. आम्ही कडेच्या मातीतून एकामागे एक चाललो होतो. पाटस मागं पडलं, तसा तो सायकल माझ्या बरोबरीला आणून म्हणाला, "त्या दिवशी मी पडलो, तवा तिथं कोण कोण होतं रं?"

"मी होतो."

"आन्?"

"सुपरवायझर मागनं आला."

"त्यो तर नोकरी सोडून गेला. म्हंजी तूच एकटा."

मागून ट्रक येतोय असं दाखवून मी सायकल मागं घेतली. पण चौफुल्याच्या अलीकडे त्यानं पुन्हा गाठलं. तो कसा पडला होता? आधी काही बोलला का? हात वाकडे झाले होते का, तोंडाला फेस आला होता का? तो एकेक प्रश्न आवळत आणत होता, निदान मला तसं वाटत होतं. ह्याला खबर देणारा सापडलाय आणि आता माझ्याच तोंडून वदवून घ्यायचंय, अशी माझी खात्री झाली. मी "आठवत न्हाई" म्हणत राहिलो.

आठवत होतं सगळं. आजही आठवतं.

रिअॅक्टरचं झाकण उघडण्याआधी ब्लोअर चालू करायचा असतो. ब्लोअर म्हणजे आतली वाफ बाहेर ओढणारा मोठा पंखा. त्याचं बटण पलीकडच्या टोकाला होतं आणि त्या दिवशी ते काम माझं होतं. नुकताच चहा आला होता. पिऊन जाऊ, म्हटलं. मी ब्लोअर चालू केला असं समजून त्यानं झाकण उघडलं, आत वाकला आणि खाली कोसळला. मी तोंडाला रुमाल बांधून त्याला ओढत दारात आणला. मग धावत जाऊन ब्लोअर चालू केला. सुपरवायझर आला तेव्हा पंखा घरघरत होता. मी सांगितलं, "अचानक चक्कर आली त्याला, जेवला नसंल." मी कंत्राटी होतो. खरं सांगितलं असतं तर संध्याकाळी गेटपास गेला असता. त्यानं शुद्धीवर आल्यावर विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. पुढं टपरीवर मामासमोर मी थांबलो तो ह्यामुळे. "गॅस लागला होता" एवढं म्हटलं असतं की झालं असतं. पण मग गॅस का लागला, असं कुणीतरी विचारलं असतं.

यवतला चहा घेतला. उन्हं उतरली होती. डोंगराच्या पायथ्याशी तो उतरला, पिशवीच्या पुढच्या कप्प्यातून एक कांदा काढला आणि मला दिला.

"ह्यो खिशात ठेव."

"भाकरीबरोबर ठेव की तिकडं."

"खायचा न्हाई. खिशात ठेव म्हणतो ना. आन् माज्या मागंच राहा, पुढं जाऊ नको."

मी खिशात ठेवला. काय म्हणणार? चांगला मुठीएवढा कांदा होता. पायडल मारताना मांडीला लागत होता. भुलेश्वरचा घाट लांब नाही, पण आमच्या सायकलींना गिअर नव्हते. पहिल्या वळणाला मी उभं राहून मारायला लागलो, दुसऱ्याला उतरलो. तो उतरला नाही. सीटवरून उठून, सगळं अंग एकदा ह्या पायावर, एकदा त्या पायावर टाकत, नागमोडी जात राहिला. एका उंच वळणावर सायकल जवळजवळ उभी राहिली, हँडल थरथरलं, मला वाटलं आता पाय टेकणार. नाही टेकला. मी खालून बघत होतो आणि मनात एकच, हा मला वर कशासाठी नेतोय?

मी ढकलत ढकलत वर पोचलो तेव्हा तो देवळाच्या पायऱ्यांवर बसून हसत होता. शर्ट घामानं चिकटलेला.

"काय रं लेका, सायकल तुला आणती का तू सायकलीला?"

मला हसू आलं नाही. खाली यवतचे दिवे लागत होते. त्यानं विचारलं, "बगितलंस ना?"

"काय?"

"आसू दे. सकाळी बोलू."

सकाळी बोलू. देवळाच्या दगडी ओवरीत घोंगडी अंथरून आम्ही पडलो. तो लगेच घोरायला लागला. मी त्याच्या उशाच्या पिशवीकडे तोंड करून पडून राहिलो. ती पुडी काढून दरीत फेकावी असंही एकदा मनात आलं. देवाच्या दारात, देवाचा भंडारा. हात पुढं झाला नाही, एवढंच.

सकाळी माळशिरसच्या अंगानं उतरलो. गार वारा, दोन्हीकडे पोटरीला आलेली ज्वारी. तो गात होता. मला त्याच्या गाण्याचाही संशय येत होता. जेजुरीला सायकली दुकानापाशी लावल्या आणि गड चढलो. दर्शन झालं. खाली उतरताना एका दीपमाळेपाशी त्यानं मला थांबवलं आणि पुडी काढली.

"हात कर."

मी हात केला. नाही म्हणायलासुद्धा तोंड उघडावं लागतं. त्यानं ओंजळीत भंडारा ओतला. आता विचारणार. काय सांगायचं, कुठून सुरुवात करायची, हे मी जुळवायला लागलो. नाही, हे खोटं सांगतोय; तुम्हाला वाटेल, मी धीर गोळा करत होतो. पळायला वाट कुठं आहे हे बघत होतो.

तो म्हणाला, "काल घाटात माजा पाय टेकला का?"

"न्हाई."

"चक्कर? काय वेडंवाकडं दिसलं?"

"न्हाई."

"मग एवढंच माज्यासाठी जाऊन सांग तिच्या घरी. मी पडलो तवा तूच एकटा होतास, आन् घाट चढलो तवा बी तूच होतास. दुसऱ्या कुणाचं न्हाई ऐकायचे. तू बोलत न्हाईस, म्हणून तू बोललास की खरं वाटंल." मग म्हणाला, "गड्या, खरं सांगू का? मलाच भ्या वाटाय लागलं होतं. म्हणून तुला मागं ठेवला. पडलो असतो तर नाकाला लावायला कांदा. द्ये आता माघारी. न्हाई लागला."

मी पिवळ्या हातानं खिशातला कांदा काढून दिला. त्यानं तो तिथंच सोलला, अर्धा मला दिला. आणि "जाऊन सांगतो, खंडोबाची आण," हे शब्द मी मोठ्यांदा बोललो.

गेलोही. आठवड्याच्या सुट्टीला दौंडहून शिरूर, शिरूरहून कोरेगाव भीमा, तिथून चालत वाडीकडे. वस्तीच्या अलीकडे एक वळण आहे, कडेला बाभळी. तिथून त्यांचं अंगण दिसत होतं. एक मुलगी कांद्याची रोपं वाफ्यात लावायला घेऊन चालली होती. तीच होती की तिची बहीण, ठाऊक नाही. बाजेवर मामा बसला होता. तो मला ओळखणार, विचारणार, 'मग त्या दिवशी तसं का म्हणालात?' त्याच्या पुढचा प्रश्न, त्याच्या पुढचा, आणि शेवटी ब्लोअर. मी बाभळीखाली बराच वेळ उभा राहिलो आणि परत फिरलो.

गेलोच नाही, असं त्याला सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण भंडारा उचलला होता. म्हणून म्हणालो, "गेलतो. न्हाई ऐकत. म्हणतात, फिट ती फिटच."

तो घंटीवर बोट ठेवून उभा होता. वाजवली नाही. म्हणाला, "घाटाचं सांगितलंस?"

"सांगितलं."

"तरी बी?"

"तरी बी."

नुसतं लग्न मोडण्यावर भागलं नाही. घाट चढूनही लोक म्हणतात म्हणजे काहीतरी असेलच, असं त्यानं धरलं. दौंडच्या डॉक्टरनं काही निघत नाही म्हणून सांगितलं, तर ह्यानं पुण्याचा गाठला आणि गोळ्या मागून घेतल्या. सायकल भाच्याला दिली. नोकरी सोडून गावी गेला. पुढं लग्न झालं, मुलं झाली, ऊस-कांदा चांगला पिकवला. पण मोटरसायकल बायको मागं बसल्याशिवाय चालवायचा नाही. विहिरीवर मोटार बघायला जाताना कुणालातरी हाक मारून न्यायचा. पोहणं तर सुटलंच. मी वर्षा-दोन वर्षांनी जायचो, त्याच्याकडचा चहा प्यायचो आणि निघायचो. त्याला वाटायचं, मी लांबून एवढी आठवण ठेवून येतो.

मागच्या दिवाळीनंतर गेलो तेव्हा त्याच्या विहिरीच्या काठावर बसलो होतो. त्याचा मुलगा कुरकुंभला लागला होता, त्याच खात्यात. तो म्हणाला, "पोराला सांगितलंय, रिकाम्या पोटी झाकण उघडू नको. माजं रक्त हाय, चक्कर यायची."

तेव्हा बोललो. चहा, बटण, रुमाल, घरघरता पंखा, टपरी, बाभळी, सगळं. मध्ये थांबलो नाही, थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो.

शिवी देईल, मारेल, असं वाटलं. त्यानं विचारलं, "ब्लोअर बंद होता?"

"बंद होता."

"मग कुणीबी पडला असता."

"कुणीबी."

त्यानं शर्ट काढला, बनियन काढली. पोट सुटलेलं, छातीवर पांढरे केस. मी उठायला लागलो तर म्हणाला, "तू हितंच थांब. बगायला." आणि पायऱ्यांनी न उतरता काठावरूनच उडी टाकली.

पाणी फाटलं आणि मिटलं. मी काठावर वाकून बघत राहिलो. माझ्या खिशात ह्या वेळी काहीही नव्हतं. डोकं वर आलं, तोंडातलं पाणी फुर्रकन उडवलं आणि तो हात मारत विहिरीला एक आख्खा वेढा घालून पायऱ्यांकडे आला. वर येऊन शर्टानं अंग पुसत म्हणाला, "आता तरी सांग जाऊन."

"कुणाला?"

"ज्याला ज्याला त्यावेळी सांगायचं राह्यलं त्येला. पयल्यांदा माज्या पोराला."

त्यानंतर त्यानं मला चहा विचारला नाही, घरापर्यंतही आला नाही. त्याचा फोन अजून येत नाही.

मुलाला मी दुसऱ्याच दिवशी कंपनीच्या गेटवर गाठून सांगितलं. बाकीच्यांचे पत्ते आता माझ्याकडे नाहीत, म्हणून इथं लिहितो. त्याला फिट येत नव्हती. भुलेश्वरचा घाट तो बिनगिअरच्या सायकलवर पाय न टेकता चढला, मी मागं होतो. ब्लोअर बंद होता, आणि तो चालू करायचं काम माझं होतं.