शेड चार, लस परवा

मी नववी नापास. हे मी लपवत नाही, वर्गात पहिल्याच दिवशी सांगून टाकतो. दर शनिवारी नंदुरबारला मी प्रोग्रामिंग शिकवतो. समोरची मुलं इंजिनीअर झालेली, नाहीतर होऊ घातलेली असतात. नववी नापास म्हटलं की ती एकमेकांकडे बघतात. बघू देत. तासाभरानं ती फक्त फळ्याकडे बघत असतात.

मी हे शिकलो सुरतेला. एका कापड गिरणीत वायरमनच्या हाताखाली होतो. गिरणीच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, त्याच्या खोलीत एसी बसवायला मला पाठवलं. एसी बसला, थंडही झाला, पण मी काही खोलीतून निघेना. तिथला ऑपरेटर भला माणूस. म्हणाला, बस. मी बसलो तो बसलोच. इंग्रजी येत नव्हतं. पण इफ उघडलं की एंडइफनं बंद करायचं, एवढं कळायला मॅट्रिक लागत नाही.

पुढे गावाकडे परत आलो आणि प्रोग्राम लिहायला लागलो. ऊस घेऊन येणाऱ्या गाड्यांना नंबर देणारा लिहिला, दवाखान्यातल्या पेशंटांच्या कार्डांचा लिहिला. मोठ्या शहरातून आणलेले प्रोग्राम बंद पडले की लोक मला बोलवत. त्याला सल्लागार म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. मी आपला दुसऱ्यानं मोडलेलं जोडत होतो. माझं लिहिलेलं दुसऱ्या कुणाला जोडायला लागलं नाही, हे मी तेव्हा छाती पुढे काढून सांगायचो.

मग नवापूरच्या एका पोल्ट्रीचं काम आलं.

शेठला फोनवर चालणारा प्रोग्राम पाहिजे होता. कोणत्या शेडला खाद्य कधी, लस कधी, हे रोज सकाळी सुपरवायझरच्या फोनवर दिसावं. काम झालं की तिनं ‘झाली’ हे बटण दाबायचं, म्हणजे ती ओळ यादीतून निघून झालेल्या कामांत जाईल. सुपरवायझर होती डोंगराकडच्या एका ख्रिस्ती शेतकरी घरातली बाई. घरी मावची बोलायची, आमच्याशी शाळेतलं स्वच्छ मराठी. पाच शेडच्या चाव्या तिच्या कमरेला. कोंबडीच्या नुसत्या आवाजावरून शेडमध्ये पाणी संपलंय हे सांगायची.

प्रोग्राम मी मराठीत केला. शिवाय तारखा काढून टाकल्या. पक्ष्यांच्या मागे धावणारा माणूस तारीख बघत बसत नाही. त्याला सांगावं आज, उद्या, परवा. शेठला मी ते दाखवलं तेव्हा म्हणालो, ‘‘हे पुण्यावाल्यांना सुचलं नसतं.’’

दोन-तीन महिने सगळं झकास चाललं. मग एका सकाळी शेठचा फोन. ‘‘काका, लवकर या. बाईनं खोटं केलंय.’’

गेलो. फ्रिजमध्ये शेड चारच्या लशीच्या बाटल्या तशाच, बुचं न उघडलेली. आणि प्रोग्राममध्ये शेड चारपुढे ‘झाली’. लस देऊन व्हायला पाहिजे होती तो दिवस टळून गेला होता. शेठनं चाव्या टेबलावर ठेवून घेतल्या होत्या. बाई दाराशी उभी.

शेठनं मला विचारलं, ‘‘तुमच्या प्रोग्रामात काही गडबड असेल का?’’

‘‘माझ्या प्रोग्रामात?’’ मी म्हणालो. ‘‘बटण दाबल्याशिवाय तिथं झाली येऊच शकत नाही. वेळसुद्धा लिहिली आहे बघा. दाबलंय बाईंनीच.’’

‘‘दाबलं मीच,’’ बाई म्हणाली. ‘‘दोन दिवस भावाच्या लग्नाला गेले होते. आले तर फोनवर होतं, शेड चार, लस परवा. म्हटलं, मी नव्हते तेव्हा दुसऱ्या कुणी दिली. झाली तर झाली, म्हणून दाबलं.’’

‘‘अहो, परवा द्यायची होती!’’ मी म्हणालो.

‘‘द्यायची कुठं लिहिलंय?’’

मी बाईंचा फोन घेतला आणि झालेल्या कामांतली त्या दिवशीची ओळ उघडली. शेड चार. लस. परवा. ‘द्यायची’ कुठंच नव्हतं.

‘‘माणसानं डोकं वापरावं,’’ मी म्हणालो.

‘‘वापरलं ना काका. म्हणूनच दाबलं.’’

शेठला हसू आलं, पण चाव्यांवरचा हात त्यानं काढला नाही. ‘‘दहा वर्षं आहेस तू इथं,’’ तो तिला म्हणाला, ‘‘पण खोटी नोंद मला चालत नाही. उद्यापासून येऊ नकोस.’’ ती रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘जाते. पण आधी चारच्या पक्ष्यांचं पाणी तोडा. तहान लागल्याशिवाय ते लशीचं पाणी नीट पिणार नाहीत.’’

मी बाहेर आलो. खरं सांगतो, पळालोच. पण मनात म्हणत होतो, शब्द बरोबर आहे. परवा म्हणजे परवा. मराठी मला शिकवू नये कुणी. तसाच तणतणत अंडी भरायच्या खोलीत शिरलो. तिथं आमच्या शहाद्याकडची एक म्हातारी ट्रे भरत होती. तिच्यापुढे फोन धरून मी वाचलं, ‘‘शेड चार, लस परवा. काय समजनं?’’

‘‘काय इचारी ऱ्हायनात काका? दिधी व्हई ना परवा.’’ म्हणजे दिली असेल.

खाद्य ओतणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, द्यायची असेल. गाडी भरणारे तिघे होते. दोघे म्हणाले झाली, एक म्हणाला व्हायची. मग त्या तिघांचंच भांडण लागलं. त्यातला एक मला म्हणाला, ‘‘हाई कोनी लिखं? त्याले बलावा ना!’’

फोन खिशात टाकला आणि शेड चारच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. आत पक्षी ओरडत होते. मी पाच माणसांना विचारलं होतं आणि तिघांनी बाईसारखंच वाचलं होतं. हे प्रोग्राम देण्याआधी विचारलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. पण विचारायचं कुणाला, अंडी भरणारीला? असा माझा तेव्हाचा तोरा.

ऑफिसात परत गेलो. बाई सामान पिशवीत भरत होती, डबा, चप्पल, एक स्वेटर.

‘‘शेठ, चाव्या द्या त्यांना,’’ मी म्हणालो. ‘‘त्या शब्दाला दोन तोंडं आहेत. एक मागे, एक पुढे.’’

‘‘म्हणजे चूक कुणाची?’’

‘‘शब्दाची.’’

शेठ नुसता बघत राहिला. बाईही पिशवी सोडून बघायला लागली. मी खुर्ची ओढून बसलो, पाणी प्यालो, चष्मा पुसला.

‘‘तो शब्द मी घातला,’’ मी म्हणालो. ‘‘माझी.’’

एवढं बोलायला मला सगळं प्रोग्रामिंग शिकायला लागला त्यापेक्षा जास्त जोर लागला. शेठनं चाव्या उचलून बाईपुढे सरकवल्या. त्या तिनं कमरेला अडकवल्या आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, ‘‘काका, दूध पावडरचा डबा उचला. लशीच्या पाण्यात कालवायचीय, म्हणजे लस टिकते.’’ उचलला. त्याच दुपारी शेड चारला लस गेली. दैव बरं, पक्ष्यांना काही झालं नाही.

शब्द बदलायला आम्ही दोघं बसलो. मी म्हटलं, दोन दिवसांनी. ती म्हणाली, ‘‘दोन दिवसांनी द्यायची. द्यायची लिहा. आणि खाली तारीखही टाका, मला वाचता येते.’’

आता वर्गात पहिल्या तासाला मी फळ्यावर परवा एवढंच लिहितो आणि अर्थ विचारतो. पाच मिनिटांत अर्धा वर्ग अर्ध्या वर्गाशी भांडतो. मग मी हे सगळं सांगतो, माझ्या चुकीसकट. त्या दिवसापासून माझी कुठलीही स्क्रीन आधी त्या बाईकडे जाते, मग गिऱ्हाइकाकडे. फी म्हणून ती काही घेत नाही, ऐकवते मात्र भरपूर.

मागच्या आठवड्यात तिनं माझी एक ओळ परत पाठवली, म्हणे कळत नाही. ओळ चांगली आहे. मी तिला फोनवर अर्धा तास समजावलं. ती म्हणाली, ‘‘समजवायला तुम्ही सगळ्यांच्या घरी जाणार का?’’

अजून बदललेली नाही. बदलतो उद्या. उद्याला तरी एकच अर्थ आहे, हे तिलाच विचारून घेतलंय.