उलटं धरलेलं कॉमिक

जुन्या कागदाचा कुबट, गोडसर वास आला की मी सत्तरच्या दशकातल्या सोलापुरात, रद्दीच्या दुकानात जाऊन बसते. रविवारी सकाळी मोठा भाऊ, त्याचा कॉलेजातला मित्र आणि मी तिथले गठ्ठे उपसून जुनी कॉमिक्स शोधायचो. एकदा मुखपृष्ठ फाटलेलं एक दुर्मीळ कॉमिक निघालं आणि त्यावर मित्रानं आणि मी एकदमच हात टाकला. "झगडा नक्को करो," दुकानदार चाचा म्हणाले, "चित्रां किसके हैं, जो सही बोलेगा उसकोच देतूं." मित्र लगेच म्हणाला, "त्या म्हाताऱ्या चित्रकाराचीच हायत की. ही मालिका तोच काढतो." मला रेषा वेगळ्या वाटत होत्या. म्हाताऱ्याच्या हाताखालच्या तरुण चित्रकाराचं नाव मी घेतलं, तसा मित्र हसला. "तू आपली गोष्ट वाच की. चित्रातलं तुला काय कळतंय?" माझे वडील चादरींची नक्षी काढायचे आणि चूक शोधायला कागद उलटा धरायचे. मीही कॉमिक उलटं धरलं. चित्रातला घोडा गेला, स्वार गेला, नुसत्या रेषा उरल्या, आणि टापांखालच्या गवतात त्या तरुणाची दोन आद्याक्षरं दिसली. पठ्ठ्यानं ती मुद्दाम उलटी लिहून पात्यांत लपवली होती. मी त्यावर बोट ठेवलं. मित्रानं पान फिरवून फिरवून पाहिलं आणि कॉमिक चाचांकडे दिलं. "ले बेटी, तेराच है," चाचा म्हणाले. भावाच्या सायकलवर मागं बसून, कॉमिक छातीशी धरून मी घरी आले ती राणीसारखी. आज कपाटात सगळी कॉमिक्स सरळ उभी आहेत. तेवढं एक मी उलटं ठेवते, आणि कुणी सरळ केलं तर पुन्हा उलटं करते.