कौल लागला लोखंडी व्हाइसला

एकसष्ट सालच्या हिवाळ्यात आमची कंपनी बेळगावहून निघाली आणि बांद्याच्या अलीकडे, गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावात काजूच्या बागेत उतरली. मी हवालदार आर्मरर होतो. कंपनीची हत्यारं दुरुस्त ठेवणं हे माझं काम. माझं घर धामापूरला. बागेतून चालत निघालो असतो तर दुसऱ्या दिवशी जेवायला घरी पोचलो असतो, पण रजा बंद होत्या. घराजवळ बदली मिळावी म्हणून लोक नवस बोलतात. मला न मागता मिळाली, आणि नसती मिळाली तर बरं झालं असतं, असं मी आजही म्हणतो.

रोजचा कार्यक्रम ठरलेला. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज राहायचं, मग चहा, मग हत्यारांची तपासणी. खाडीवरून खारं वारं येई. रात्री पुसून ठेवलेल्या रायफलीच्या बोल्टवर सकाळी तांबूस पूड धरलेली असे. जवान पुन्हा पुसायला कंटाळत आणि मी शिव्या घाली. मी गोड बोलणारा माणूस नव्हे, तेव्हाही नव्हतो.

कंपनीत दुर्बिणीची रायफल एकच होती, ती लान्स नायक भिवा परबकडे. भिवा माझ्याच गावचा, तळ्यावरच्या वाडीतला. वडील नव्हते. घरी आई एकटी, थोडी भातशेती आणि काजूची चार झाडं. त्याच्यासारखा नेमबाज मी नोकरीत दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्यासारखा थट्टेखोरही नाही.

"गुणाजी, तुझ्या त्या तेलात एक दिवस बांगडो तळूया काय रे?" तो रोज विचारी.

"आधी बोल्ट पूस," मी म्हणे.

आता व्हाइसचं, म्हणजे काम करताना वस्तू दोन जबड्यांत घट्ट धरून ठेवणाऱ्या शिकंजाचं, सांगतो. पेन्शनीत आल्यापासून मी डुकरं मारायच्या लायसनच्या बंदुका दुरुस्त करतो. शेतकरी येतात आणि विचारतात, घरी एक व्हाइस घ्यायचा म्हणतो, कुठला घेऊ? बहुतेकांच्या मनात बाजारातला सगळ्यात जड व्हाइस घ्यायचा असतो. मी सांगतो, जड असणं वेगळं आणि धरणं वेगळं. लोहाराचा व्हाइस लोखंड धरायला केलेला. त्याचे जबडे आखूड, वर दात. बंदूक त्यात एकाच जागी आवळली जाते. कमी आवळली तर स्क्रू फिरवताना डुलते. जास्त आवळली तर लाकूड दबतं, आणि नळी ज्या लाकडावर बसलेली असते तेच दबलं की गोळी भलतीकडे जाते. दुर्बिणीची रायफल तर आणखी नाजूक. दुर्बीण रायफलीच्या डाव्या अंगाला दोन लोखंडी गाद्यांवर बसते. त्या गाद्यांचे स्क्रू पक्के करताना रायफल तसूभरही हलता कामा नये. म्हणून जबडे लांब हवेत, लाकडाचे हवेत, आत जाड घोंगडी लावलेली हवी आणि रायफल पुढे-मागे दोन ठिकाणी टेकलेली हवी. एवढं ऐकून शेतकरी मान हलवतो आणि जाऊन जडच घेतो.

आमच्याकडे तेव्हा दोन व्हाइस होते. एक डेपोतून आलेला, लोखंडी, नवा, हिरव्या रंगाचा, दातेरी जबड्यांचा. दुसरा मी बागेत आल्यावर गावच्या मेस्त्रीकडून करून घेतलेला, फणसाच्या लाकडाचा. मला हवा तसा. भिवाची दुर्बीण मी त्यातच बसवली, डोंगरामागच्या रेंजवर नेऊन झिरो केली, म्हणजे गोळ्या टाकून तिचा नेम जुळवला. भिवाने पाच गोळ्या टाकल्या. पाचही नारळाच्या वाटीखाली झाकल्या जातील अशा लागल्या.

मग पुढे सरकायचा हुकूम आला. आर्मररच्या सामानाला दारूगोळ्याच्या गाडीत कोपरा मिळाला. त्यात एकच व्हाइस मावत होता.

सुबेदार दळवी कणकवलीकडचे. शिस्तीचे, देवभोळे, आणि स्वतःच्या डोक्यावर काही घेतील तर शपथ. लोखंडी व्हाइस डेपोतून त्यांनीच आणलेला.

"गुणाजी, सरकारान दिलेलो व्हाइस टाकून मेस्त्रीचो पाट घेऊन लढाईक जातलंस?" ते म्हणाले. "कोण मोठो साहेब तपासणीक इलो तर काय दाखवतलंस?"

भिवा तिथेच होता. "साहेब, दाखवूचो आसा तर तुमचो दाखवा. माका नेम धरूचो आसा."

प्रकरण कंपनी कमांडरांकडे गेलं. ते कॅप्टन पंजाबकडचे, वयाने लहान, माणूस वाईट नव्हता. नकाशातून मान वर न काढता म्हणाले, "आप लोग तय कर लो. गाडी में एक ही जाएगा."

बाहेर आल्यावर सुबेदार म्हणाले, "देवाक इचारूया."

आमच्या मुलखात विहीर खणायची, सोयरीक जमवायची, भावाभावांत बांध घालायचा, की देवाला कौल लावतात. मीही लावलेला आहे. पण व्हाइससाठी देवाला कौल लावलेला मी आयुष्यात एकदाच पाहिला. रवळनाथाच्या देवळात सगळी प्लाटून बूट काढून उभी राहिली. दोन्ही व्हाइस देवापुढे ठेवले, दोघांना हळदकुंकू. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेले तांदूळ चिकटवले. उजवीकडचा दाणा पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. मग सुबेदारांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा रवळनाथा महाराजा, ही तुझी लेकरां हद्दीवर जातत. तेंका हो लोखंडी व्हाइस लाभाचो आसलो, तर उजवी दी, महाराजा."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. भिवाही म्हणाला. मी तोंड मिटून उभा होतो.

उजव्या खांद्यावरचा दाणा पडला.

देवावर माझा राग नाही. त्याला व्हाइसातलं कळावं कसं? त्याला कुणी आर्मररच्या कोर्सला पाठवलं नव्हतं. राग आहे तो माणसांवर. साहेबांनी सुबेदारांवर ढकललं, सुबेदारांनी देवावर ढकललं, आणि देवाच्या पुढे ढकलायला कुणी नसतं. मी बोललो, "साहेब, हे देवाला विचारायचं काम नव्हे." सुबेदारांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी देवळात थुंकलो होतो. फणसाचा व्हाइस गुरवाच्या स्वाधीन करून आम्ही निघालो.

रस्ता म्हणजे जांभ्या दगडातल्या खाचा. गाडीत बसलेल्या माणसाचे दात वाजत होते, मग स्क्रूंची काय कथा. खाडीच्या अलीकडे पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. भिवा रायफल घेऊन आला. या वेळी थट्टा नव्हती.

"गुणाजी, दुर्बीण खुळखुळता."

पुढची गादी सैल झाली होती. लोखंडी व्हाइस गाडीच्या फळीला ठोकला, जबड्यांना ब्लँकेटचे तुकडे आणि जुन्या चपलेचं चामडं गुंडाळलं. हलकं आवळलं, रायफल डुलली. थोडं आणखी आवळलं, पुन्हा डुलली. आणखी एक आटा दिला आणि आतून बारीक करकर ऐकू आली. भिवानेही ऐकली. मी हात काढला. स्क्रू बसले होते तेवढे बसले होते. रायफल घेऊन तसाच कॅप्टनसाहेबांकडे गेलो.

"साहेब, या रायफलीचा भरवसा नाही. रेंजवर पाच गोळ्या टाकू द्या."

"एक भी गोली नहीं चलेगी," ते म्हणाले. "आवाज उस पार जाएगा."

सुबेदार बाजूला उभे होते. "कौल घेतलो आसा, गुणाजी. कित्या भियातंस?"

मला त्या वेळी त्यांच्या तोंडात मारावीशी वाटली. परत येताना भिवाच माझी समजूत घालत होता. "ऱ्हवांदे रे. दुर्बीण नाय तर डोळे आसत मरे."

सकाळी ओहोटीला एक प्लाटून खाडी उतरून पलीकडे जाणार होती. पलीकडच्या काठावर पाखल्यांची, म्हणजे पोर्तुगीजांची, चौकी, तिच्यात एक मशीनगन. प्लाटून पाण्यात असताना त्या गनवाल्याला टिपणं हे भिवाचं काम. तो खाडीकाठच्या कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, झाडीत बांधाआड निजून होता, शेजारी वायरलेसचा सेटवाला. मी कंपनी कमांडरांच्या सेटपाशी होतो. माणसं कंबरभर पाण्यात गेली आणि गन सुरू झाली. भिवाजवळच्या सेटवाल्याचा आवाज आला.

"हॅलो वन. पहिली गोळी डावीकडे पडली. ओव्हर."

"दूसरी मारो. ओव्हर," कॅप्टनसाहेब म्हणाले.

"दुसरी पण डावीकडे. खाली. ओव्हर."

पाण्यात माणसं चिखलात रुतली होती. पुढे जाता येईना, मागे येता येईना. कॅप्टनसाहेबांचा आवाज चढला. "गन बंद होनी चाहिए. ओव्हर."

"भिवा म्हणतो दुर्बीण काढतो. ओव्हर."

दुर्बिणीतून त्याला कांदळाच्या फांद्यांमधून निजल्या निजल्या दिसत होतं. उघड्या साइटवर, म्हणजे नळीवरच्या खुणेने नुसत्या डोळ्यांनी नेम धरताना, तेवढ्या फटीतून पलीकडचा माणूस दिसत नाही. त्यासाठी बांधावर उठावं लागतं. हे मला कळत होतं, आणि सेटपाशी उभं राहून करण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

"भिवा उठला," सेटवाला म्हणाला. ओव्हर म्हणायचं विसरला.

एक गोळी वाजली. गनची एक फैर आली आणि मधेच तुटली.

"हॅलो वन. गन बंद. भिवाला लागलंय. ओव्हर."

मी पळत गेलो. काही उपयोग नव्हता. दुर्बीण त्याने नीट काढून, टोपीत घालून, बांधाच्या आडोशाला ठेवली होती. सरकारी माल म्हणून. काचेला ओरखडासुद्धा नव्हता. मी तिथे बसून रडलो, आणि कोण पाहतंय याची मला पर्वा नव्हती.

प्लाटून पार झाली. पाण्यातला एकही माणूस गेला नाही. संध्याकाळी सुबेदार सगळ्यांदेखत म्हणाले, "कौल खरो झालो. कंपनी तरली." लोकांनी माना डोलावल्या. मी रायफल उघडली. पुढच्या लाकडात, नळीच्या खाली, नख शिरेल एवढी चीर होती. ती मी सुबेदारांपुढे धरली. त्यांनी पाहिली आणि परत माझ्या हातात दिली. "देवाच्या मनात होता तां झालां," म्हणाले. पुढच्या खंडेनवमीला त्या लोखंडी व्हाइसला पलटणीत झेंडूची माळ घातली. लाभाचा व्हाइस म्हणून. मी असेतो त्यात दुर्बिणीची रायफल धरू दिली नाही. मी गेल्यावर काय झालं, मला माहीत नाही.

रजा सुटल्यावर धामापूरला गेलो. भिवाच्या आईने मला ओटीवर बसवलं, पाणी दिलं.

"सुबेदार येऊन गेलो," ती म्हणाली. "देवाच्या मनात होता म्हणान सांगल्यान. तू सांग. तो वर कित्या उठलो?"

मी सांगितलं. कौलापासून चिरेपर्यंत सगळं. बोलणं संपल्यावर तिने एवढंच विचारलं, "आणि तो दुसरो खंय आसा? फणसाचो?"

"देवळात. गुरवाकडे."

"हाडून ठेव."

आणला. गुरवाने त्यावर समया पुसायची फडकी वाळत घातली होती. आज तो माझ्या दुकानात आहे. शेतकऱ्यांच्या बंदुका मी त्यातच धरतो आणि अजून एकही लाकूड दबलेलं नाही.

खंडेनवमीला मी दुकानातली हत्यारं मांडतो. तळ्यावरच्या वाडीतून भिवाची आई उतरून येते. बाकीच्यांना मी हळदकुंकू वाहतो. या व्हाइसला काही वाहू देत नाही ती, गाऱ्हाणंही घालू देत नाही. जबड्यावरच्या घोंगडीवर हात ठेवून थोडी उभी राहते आणि दर वर्षी तेच म्हणते.

"हो हयसर रवलो. माझो थंय रवलो."