उजवीकडून पाहिलेली बंदूक

बंदुकांविषयी मी जे काही लिहिलं ते आखातातल्या अल् खुवैरच्या एसी ऑफिसात बसून लिहिलं, हे आधीच सांगून टाकतो. आमची कंपनी प्रदर्शनं आणि शोरूम सजवून देते, आणि फलकांवरचा मजकूर लिहिणं माझ्याकडे असतं. मी पाण्याच्या पंपांवर लिहिलं आहे, खजुरांवर लिहिलं आहे, आणि गाद्यांच्या एका दुकानासाठी झोपेचा इतिहास लिहिला आहे. तो तपासताना मला विषयाचा चांगला प्रत्यय आला. त्यामुळे लिव्हरच्या जुन्या बंदुकांचं काम आलं तेव्हा मी बिचकलो नाही. अज्ञान हा माझ्या कामाचा कच्चा माल आहे.

काम देणारे गृहस्थ किनाऱ्यावरच्या एका गावचे. त्यांना सगळे शेख म्हणत. ते टोळीचे शेख होते की नुसते वयाने आणि खजुरीच्या बागांनी, हे मी विचारलं नाही. आपल्याकडे कोणाला पाटील म्हटलं तर आपण सातबारा मागत नाही. त्यांच्या घराला लागून पाहुण्यांना बसवायची एक लांब मजलिस होती आणि तिचं त्यांना खाजगी संग्रहालय करायचं होतं. कॉफीच्या सुरया, तलवारी, खंजीर असं सगळं होतंच. भिंतीवर आजोबांची लिव्हरची बंदूक होती, नळी कायमची बुजवलेली. ही बंदूक कशी कशी सुधारत गेली ते त्यांना लाकडी मॉडेलं करून दाखवायचं होतं: खऱ्याच्या दुप्पट आकाराच्या तीन बंदुका, एका लांब बाकावर. फीत कापणं त्यांना जुनाट वाटत होतं. मुख्य पाहुण्यांनी एकच दांडा ओढायचा आणि तिन्ही बंदुकांच्या लिव्हर एकामागून एक खालीवर व्हायच्या, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी वाचायला बसलो. तत्त्व सोपं आहे. चापाभोवतीची कडी म्हणजे लिव्हर. ती खाली ढकलली की रिकामी पुंगळी बाहेर पडते, घोडा मागे चढतो आणि नवं काडतूस वर येतं; कडी परत ओढली की ते नळीत बसतं. काडतुसं नळीखालच्या दुसऱ्या एका नळीत ओळीने पडलेली असतात आणि स्प्रिंग त्यांना मागे ढकलत राहते. आधीची बंदूक एकदा उडवली की भरत बसावं लागे. हिला ती सवड लागत नव्हती, एवढंच तिचं नावीन्य.

पण पहिल्या बंदुकीत तीन खोड्या होत्या. काडतुसं पुढच्या टोकाकडून भरावी लागत, म्हणजे भर लढाईत बंदूक उभी करून तिच्या तोंडाशी खटपट करायची. खालच्या नळीला लांबलचक फट होती, कारण काडतुसं ढकलणारी खुंटी त्या फटीतून बाहेर आलेली असे आणि काडतुसांबरोबर मागे सरकत येई. त्या फटीतून माती आत जाई. आणि नळीला लाकडाचं अस्तर नव्हतं, तेव्हा पाचसहा फैरींनंतर डावा हात भाजे. दुसऱ्या बंदुकीत भरण्यासाठी उजव्या कुशीला एक छोटं दार केलं, फट बंद केली आणि हात धरायला लाकूड बसवलं. तिसरीत पितळेच्या जागी लोखंड आलं, काडतूस जास्त दमदार झालं आणि वरच्या तोंडावर सरकतं झाकण आलं, धूळ जाऊ नये म्हणून. एवढ्यावर मी तीन फलक लिहिले. त्यांत 'क्रांतिकारक' हा शब्द दोनदा होता.

मॉडेलं करणार होते चाचा. चाचा रत्नागिरीकडचे, गाला नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या आमच्या वर्कशॉपचे मुख्य सुतार. नम्रपणा आपल्याला परवडत नाही असं ते सांगत आणि तसे वागत. मला ते मास्तर म्हणत, कारण मी लिहीत असे आणि त्याचा काही उपयोग होत नसे. त्यांच्या धाकट्या मुलीचा निकाह ठरला होता. तिकीट काढून झालं होतं, मांडव सांगून झाला होता, नवरामुलगा पसंत होता. वधूपिता तेवढा मंजूर व्हायचा होता. मॅनेजरने स्पष्ट सांगितलं होतं की शेखनी काम ताब्यात घेतल्याची सही केली की सुट्टी, त्याआधी नाही.

"सही म्हणजे इन्शाल्ला," चाचा मला म्हणाले. "आणि इन्शाल्ला म्हणजे कदी, तां तुम्हांला म्हायतच हाय."

मी ड्रॉइंग घेऊन गालाला गेलो आणि भाग समजावून सांगायला लागलो. "इथे घोडा येईल."

"कुठला घोडा? उभां ऱ्हायचा की आवाज करायचा?"

सुतारकामात घोडा म्हणजे फळ्या टाकून वर चढायची तिकाटी. आदल्या खेपेला चाचांनी हमालाला घोडा आणायला पाठवलं होतं आणि मी ड्रॉइंगमधल्या घोड्याचं माप देत होतो, त्यामुळे बराच वेळ आमचं एकमत होत राहिलं. बंदुकीतल्या घोड्याला अरबीत दीक म्हणतात, म्हणजे कोंबडा. दोन्ही जनावरं जागच्या जागी मान खाली घालतात.

खरं भांडण झालं ते पहिल्या बंदुकीवरून. चाचांनी तिची फट बंद करून टाकली.

"चाचा, फट पाहिजे. ती चूक आहे म्हणून तर पाहिजे."

"म्हणजे मी मुद्दाम खराब काम करायचां?"

"त्या काळी तसंच होतं."

"त्या काळी मी नव्हतो ना," चाचा म्हणाले. "मी असतो तर दुसऱ्या बंदुकीची गरजच पडली नसती."

शेवटी त्यांनी फट परत कापली, पण माझं नाव घेऊन. बाकाखाली त्यांनी एक लांब दांडी बसवली आणि तिच्यावर तीन लाकडी चकत्या, प्रत्येकीचा उंचवटा वेगळ्या जागी, म्हणजे दांडा ओढला की पहिली, मग दुसरी, मग तिसरी बंदूक चाले. काम उत्तम होतं. हे त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितलं.

पिकअपमध्ये घालून आम्ही सगळं किनाऱ्यावर नेलं. बाक मजलिसच्या लांब भिंतीला लागला, फलक लागले, वर इंग्रजी आणि खाली अरबी. शेख मुख्य दारातून आत आले. अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा पायघोळ दिशदाशा, हातात बारीक काठी. मुंबईत व्यापारानिमित्त त्यांची बरीच वर्षं गेली होती, त्यामुळे हिंदी भरपूर बोलत, व्याकरणाला न विचारता. ते उजव्या टोकाला उभे राहिले, फलक वाचला, झाकण सरकवून पाहिलं, खूश झाले. मग मधल्या बंदुकीपाशी आले आणि झाकण शोधू लागले. तिसऱ्या ठिकाणी, म्हणजे डावीकडच्या टोकाला पोचेपर्यंत त्यांच्या भुवया फेट्याला टेकल्या होत्या.

"ये क्या है?" त्यांनी विचारलं. "इधर ढक्कन है. अच्छा है. इधर ढक्कन किधर गया? रेती किधर जाएगा? अंदर जाएगा. फिर इधर आया, तो लकड़ी भी निकाल दिया. आदमी का हाथ जलेगा के नहीं जलेगा? दरवाज़ा भी बंद कर दिया. अब दुश्मन सामने खड़ा है, ये आदमी बंदूक उलटा करके कारतूस डालेगा? दुश्मन उसको बोलेगा, आराम से डालो?"

मी सगळी मांडणी डावीकडून उजवीकडे केली होती. एक, दोन, तीन. माझी बाराखडी डावीकडून सुरू होते, चाचांची पट्टी डावीकडून सुरू होते, आणि मंजुरीसाठी पाठवलेलं ड्रॉइंग इंग्रजीत होतं. अरबी भाषांतर करणाऱ्याने वाक्यं बिनचूक उजवीकडून लिहिली होती. बंदुकांचा क्रम त्याला कोणी विचारला नव्हता. ज्या देशात मी अनेक वर्षं फलक लावतो आहे, त्या देशात बंदूक सुधारत सुधारत निकामी होते असं आम्ही सागवानात कोरून दाखवलं होतं.

"मास्तर," चाचा हळूच म्हणाले, "हे सही करतील असां वाटत नाय."

बंदुकांची अदलाबदल करा, मी म्हटलं. चाचांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. बाकाखालची दांडी आणि चकत्या एकेका बंदुकीच्या मापाच्या होत्या. उलटं करायचं म्हणजे खालचं सगळं नव्याने. तोवर निकाहच काय, बारसंही उरकलं असतं. मग मी शेखना सुचवलं की उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना पलीकडच्या दाराने आणावं, म्हणजे ते डावीकडून सुरुवात करतील.

"वो किचन का दरवाज़ा है," शेख म्हणाले.

"सजवता येईल."

"मेहमान किचन से आएगा? फिर पहले बर्तन धोएगा?"

त्यांचं बरोबर होतं. इथे मजलिसमध्ये शिरणारा माणूस उजव्या हाताला बसलेल्यापासून सलाम करत जातो आणि कॉफीही उजवीकडूनच फिरते. बंदुकांसाठी हा रिवाज मोडावा असं सुचवणं म्हणजे आपल्याकडे जानवसघरातल्या वरपक्षाला गोठ्याच्या बाजूने आणण्यासारखं. शेख खुर्चीवर बसले. कोणीतरी कॉफी आणली, उजवीकडून. चाचा कॉफी न पिता बाकाची कड पुसत राहिले. ती आधीच स्वच्छ होती.

मला चाचांकडे बघवेना म्हणून मी फलकांकडे बघत बसलो. तेव्हा लक्षात आलं की माझ्या तीन फलकांत नव्हतं ते शेखच्या रागात सगळं होतं. झाकण कशाला? रेती जाऊ नये म्हणून. लाकूड कशाला? हात भाजू नये म्हणून. कुशीचं दार कशाला? दुश्मन समोर असतो म्हणून. वस्तू काढून घेतली की ती कशासाठी होती ते चटकन कळतं. मी 'सुटसुटीत भरणयोजना' असं काहीतरी लिहिलं होतं.

मी शेखना विचारलं की आपण हे सगळं पुन्हा एकदा सांगाल का. ते म्हणाले, पुन्हा कशाला, मला राग आला आहे, तो उतरलेला नाही. आणि त्यांनी पुन्हा सांगितलं. मी लिहून घेतलं. दुश्मनाचं वाक्य तेवढं थोडं सौम्य केलं. उजवीकडचा फलक झाला: हे झाकण आहे. मधला: झाकण काढलं तर वाळू आत जाते. डावीकडचा: लाकूड काढलं तर हात भाजतो, कुशीचं दार नसलं तर बंदूक उभी करून भरावी लागते, आणि (एवढं माझ्या पदरचं) खुंटीच्या वाटेत हात आला तर काडतुसं अडकतात. 'क्रांतिकारक' हा शब्द दोन्ही ठिकाणांहून गेला. भाषांतरकाराला फोन लावला. तोही म्हणाला की हे चांगलं अरबी होईल, आधीचं औषधाच्या बाटलीवरचं वाटत होतं.

नवे फलक घेऊन आम्ही परत गेलो तेव्हा चाचांच्या विमानाला फारसा अवकाश उरला नव्हता. शेखनी उजवीकडून वाचायला सुरुवात केली. मान हलत होती. स्वतःचं वाक्य छापलेलं दिसलं की ते नाकारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

"अब ठीक लिखा," ते म्हणाले. "पहले किसने लिखा था?"

"दुसऱ्याने," चाचा तत्परतेने म्हणाले.

मग शेख डाव्या टोकाच्या बंदुकीपाशी गेले, डाव्या हाताने तिची नळी धरली आणि उजव्या हाताने दांडा ओढला. क्रम बाकाच्या हिशोबाने ठरलेला होता, त्यामुळे आधी हीच बंदूक चालायची. लिव्हर खाली गेली, घोडा चढला, आणि काही झालं नाही. लाकडी काडतूस वर येईना. शेखनी पुन्हा ओढलं. खडखड झाली. चाचांचा चेहरा लाकडाच्या भुशाच्या रंगाचा झाला. मी पाहिलं तर खुंटी फटीतून मागे सरकत येऊन शेखच्या अंगठ्याला टेकून उभी होती.

मी फलकाकडे बोट केलं. शेखनी स्वतःचं नसलेलं ते एकमेव वाक्य वाचलं. मग हाताकडे पाहिलं. हात उचलला. खुंटी टक्कन पुढची वाट चालू लागली आणि काडतूस वर आलं.

"मतलब ये ख़राबी असली है?"

"असली," चाचा म्हणाले. "मी बंद केली होती. मास्तरांनी उघडायला लावली."

फट कापताना घेतलेलं माझं नाव चाचांनी पहिल्यांदाच चांगल्या अर्थाने घेतलं. शेखनी अंगठा पुन्हा ठेवला, पुन्हा अडकवली, पुन्हा सोडवली. नातवंडांना बोलावून त्यांनाही अडकवायला लावली. सुधारलेल्या दोन बंदुकांकडे मग कोणी फिरकलंच नाही. सही व्हायला उशीर लागला तो एवढ्यामुळेच. कागद हातात पडल्यावर चाचा मला म्हणाले, "यल्ला, मास्तर, गाडी काडा," आणि परतीच्या वाटेवर गाला येईपर्यंत झोपले.

उद्घाटनाला मी होतो. दांडीला तेल द्यायला आणि काही बिघडल्यास बाकाखाली शिरायला चाचांच्या जागी कोणीतरी लागत होतं. मुख्य पाहुणे मुख्य दारातून आले, उजवीकडून सलाम करत बाकापर्यंत पोचले. तेवढ्यात पाच कॅमेरे त्यांच्या आणि बंदुकांच्या मध्ये आले. त्यांनी दांडा ओढला, तिन्ही लिव्हर चालल्या, टाळ्या झाल्या. डावीकडच्या बंदुकीजवळ थांबून त्यांनी गंभीरपणे विचारलं की हे सर्वांत नवं मॉडेल का. शेख म्हणाले, होय. पाहुण्यांना तिथल्या तिथे दुरुस्त करणं हाही रिवाजात बसत नसावा.

मी मागच्या दाराने, म्हणजे किचनमधून, बाहेर आलो तेव्हा चाचांचा फोन आला. पाठीमागे लाउडस्पीकर, बायकांचे आवाज, कोणीतरी खुर्च्या मोजत होतं.

"चालली काय?"

"चालली. निकाह झाला का?"

"आत्ताच झाला. मधली अडकली नाय ना? तिची चकती मला जरा घट्ट वाटत होती."

"नाही अडकली. मुलीला सांगा—"

"आणि फट? कोणी बंद करा म्हणाला काय?"

"कोणी नाही."

"करू पण नका," चाचा म्हणाले. "बरां, इकडे पंगत बसलीय, जावयाला वाढायचां हाय. ठेवतो."